थॅकरे नावाचा कोपरा

शाळेत इंग्रजी आडनावांशी आपली ओळख होते ती धंद्यांमधून. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, पॉटर म्हणजे कुंभार, कार्पेंटरचं तर सांगायलाच नको. त्यामुळे साहेबाच्या आडनावात बापजाद्यांचा धंदा आणि आपल्या आडनावात गाव, अशी एक ढोबळ वाटणी डोक्यात बसून जाते. प्रत्यक्षात 'कर' मंडळी इंग्रजांमध्येही पैशाला पासरी आहेत. त्यांच्या नावाला शेपूट नसतं, म्हणून ती आपल्याला ओळखू येत नाहीत इतकंच. वॉशिंग्टन हे इंग्लंडच्या ईशान्येला संडरलंडजवळचं गाव. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे पूर्वज तिथले. लिंकन हे तर चांगलं कॅथीड्रल असलेलं शहर. न्यूटन म्हणजे 'नवं गाव', आणि या नावाची गावं तिकडे इतकी आहेत की सर आयझॅक नेमक्या कुठल्या गावचे 'नवगावकर' हे शोधत बसावं लागेल.

या इंग्रज करांमधलं माझं सगळ्यांत लाडकं आडनाव आहे थॅकरे. मराठी माणसाला ते कुठे ना कुठे भेटलेलं असतंच, बहुतेक वेळा भलत्याच वाटेने. त्या वाटेकडे मी येणार आहे, पण आधी यॉर्कशरला जाऊन यायला हवं.

लीड्सच्या वायव्येला, हॅरोगेटच्या अलीकडे, वॉशबर्न नावाच्या छोट्या नदीचं खोरं आहे. फ्यूस्टन हा तिथला पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावांचा पुंजका. त्यात ग्रेट टिंबल नावाची एक वाडी येते. 'ग्रेट'वर जाऊ नका, शेजारच्या लिटल टिंबलपेक्षा मोठी एवढाच त्याचा अर्थ. या टिंबलच्या हद्दीत थॅक्रे नावाची जागा होती. नकाशावर ठळक अक्षरांत छापावी अशी ती कधीच नव्हती, पण आडनाव निघालं ते तिथून.

नावाचे दोन तुकडे पडतात आणि दोन्ही उत्तरेकडून, समुद्रापलीकडून आलेले आहेत. प्राचीन नॉर्स भाषेत 'थाक' म्हणजे घर शाकारायचं सामान: लव्हाळं, वेत, गवत, जे काही छपरावर पडतं ते. 'व्रा' म्हणजे कोपरा. डोंगराच्या कुशीत किंवा नदीच्या वळणात सापडलेली अडचणीतली जागा. थाक-व्रा म्हणजे शाकारणीचं लव्हाळं उगवणारा कोपरा. 'व्रा' उत्तर इंग्लंडभर विखुरलेला आहे. कंब्रियात रे नावाचं गाव आहे, लँकाशरमध्येही आहे, डॉकरे नावाची वाडी आहे, आणि या सगळ्यांवरून आडनावंही आहेत. रे आडनावाच्या इंग्रजाला मराठीत बसवायचंच तर खुशाल कोपरकर म्हणावं.

व्हायकिंग म्हटलं की जाळपोळ, लुटालूट आणि शिंगांची शिरस्त्राणं डोळ्यांपुढे येतात (शिंगं त्यांनी कधी घातलीच नव्हती, ती नंतरच्या चित्रकारांची देणगी). ८६६ साली डेन लोकांच्या सैन्याने यॉर्क घेतलं हे खरं. पण त्यानंतर दहा वर्षांनी, ८७६ साली, त्यांचा पुढारी हाफदान याने नॉर्थंब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटून टाकली आणि ती माणसं नांगर धरून कामाला लागली, अशी त्या काळच्या इंग्रजी बखरीतच नोंद आहे. ९५४ मध्ये यॉर्कचा शेवटचा नॉर्स राजा हाकलला गेला, माणसं मात्र होती तिथेच राहिली. तिकडच्या ओढ्याला आजही 'बेक' म्हणतात, जंगल तोडून काढलेल्या शेताला 'थ्वेट', आणि यॉर्कशरचे जे तीन 'रायडिंग' होते तो शब्दही नॉर्समधल्या 'तिसऱ्या हिश्श्या'वरून आला आहे. लव्हाळ्याच्या कोपऱ्याला नाव द्यायचं कुणाला सुचतं? लुटारूला नाही सुचत. हिवाळा तोंडावर आलाय, छप्पर गळतंय आणि सामान कुठे मिळेल हे माहीत असायला हवं, अशा संसारी माणसाला सुचतं. व्हायकिंगांच्या वंशजांनी इंग्लंडात काय केलं हे मला त्यांच्या लढायांपेक्षा या एका क्षुल्लक नावातून जास्त कळतं.

शाकारणीचं लव्हाळं कापतात ते ऐन थंडीत. कडाक्याच्या थंडीने पानं झडून जातात आणि नुसत्या ताठ, पोकळ काड्या उरतात, त्या हव्या असतात. गुडघाभर गार पाण्यात उभं राहून विळ्याने कापायच्या, झटकून पानांचा कचरा काढायचा, पेंढ्या बांधायच्या. छपरावर त्या खालून वर रचत जायच्या, बुडखा बाहेरच्या अंगाला, म्हणजे पाणी एका काडीच्या टोकावरून दुसरीच्या टोकावर उतरत वळचणीपर्यंत येतं, आत शिरत नाही. बुडखे खाचा पाडलेल्या लाकडी फळीने ठोकून ठोकून एका उतारात आणायचे. चांगलं केलेलं छप्पर कित्येक वर्षं टिकतं. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर गोठा शाकारायला दोन माणसं वर आणि एक खाली पेंढ्या फेकायला असं जे काम चाले, त्याचा हा जास्त कष्टाचा आणि जास्त टिकाऊ भाऊ.

दक्षिण इंग्लंडात याच सामानाला 'थॅच' म्हणतात, उत्तरेत 'थॅक'. चर्चला तिकडे 'कर्क' म्हणायचं आणि बर्चच्या झाडाला 'बर्क', तसाच हा प्रकार. छपरं शाकारणारा कारागीर दक्षिणेत थॅचर झाला, उत्तरेत थॅकर, ईस्ट अँग्लियात थॅक्स्टर. म्हणजे मार्गारेटबाईंना नवऱ्याकडून मिळालेलं आडनाव आणि हे आपलं थॅकरे एकाच गवताचे. फरक एवढाच की एक धंद्यावरून आलं आणि दुसरं गावावरून. एक शाकारणाऱ्याचं, दुसरं ते सामान जिथे उगवतं त्या जागेचं. मुळापर्यंत गेलं तर संस्कृतातला 'स्थग्', झाकणे, हा धातूही याच कुळातला निघतो. सरकारी कागदावर 'स्थगित' असा शेरा पडतो तेव्हा त्या फायलीवर कुणीतरी गवत पसरून ठेवलेलं असतं असं मी मनाशी म्हणतो.

आता जागेचं नाव माणसाला केव्हा चिकटतं? मला या सगळ्यात जास्त रस आहे तो इथे. थॅक्रेत राहणाऱ्याला कुणी थॅक्रे म्हणणार नाही. तिथे सगळेच तिथले. त्याला ते नाव मिळतं तो शेजारच्या गावी जाऊन राहतो तेव्हा. 'कुठला रे तो जॉन?' 'तो थॅक्रेचा.' मध्ययुगातल्या कागदांत हे 'चा' फ्रेंच पद्धतीने 'द' असं लिहिलेलं असतं आणि पुढे ते गळून पडतं. नॉर्मन सरदारांच्या घरांत आडनाव अकराव्या-बाराव्या शतकापासून बापाकडून मुलाकडे जायला लागलं. साध्या कुळांपर्यंत, त्यातही उत्तरेत, ते पोचायला चौदावं शतक उजाडलं. १३७७ ते १३८१ या काळात राजाने तीनदा डोईपट्टी बसवली. त्यातली १३७९ सालची वेस्ट रायडिंगची यादी नशिबाने बरीचशी शिल्लक आहे, आणि यॉर्कशरच्या आडनावांचा अभ्यास करणारे तिच्यावर अक्षरशः जगतात. कारकून दारात येतो, नाव विचारतो, आणि जॉन दहा असल्यामुळे 'कुठला जॉन' हेही लिहून घेतो. आडनाव म्हणजे शेजाऱ्यांनी ठेवलेली खूण होती, ती कर वसूल करणाऱ्याने पक्की केली. आपल्याकडे इंग्रजांच्या दप्तराने आणि शाळेच्या दाखल्याने हेच काम केलं.

कारकुनाच्या कानावर भरवसा ठेवला की जे व्हायचं ते झालं. थॅक्रे, थॅक्रा, थॅकरी, थॅक्वरे अशी एकाच जागेची अनेक स्पेलिंगं तयार झाली. थॅक्वरेत मधला मूळ 'व्र' अजून जिवंत आहे. बहुतेक मंडळी फार लांब गेलीच नाहीत. आजही हे आडनाव मुख्यतः लीड्सच्या आसपास सापडतं, लंडनमध्ये ते विरळा. लीड्सचे डॉक्टर चार्ल्स टर्नर थॅक्रा यांनी १८३१ साली निरनिराळ्या धंद्यांचा कामगारांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो यावर पुस्तक लिहिलं. गिरणीत छातीत जाणारी जवसाच्या धाग्याची धूळ, दिवसभर मांडी घालून वाकून बसणारे शिंपी, सगळं त्यात आहे. कामगारांच्या आरोग्याचा विचार इंग्लंडात तिथून सुरू झाला असं मानतात. पुस्तक आल्यावर दोन वर्षांत ते वारले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्याच शहरात १९०२ साली चार्ल्स थॅक्रे यांनी एक औषधाचं दुकान घेतलं, त्याची पुढे शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारी मोठी कंपनी झाली. सर जॉन चार्नली यांनी खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला तेव्हा त्यांच्यासाठी सांधे आणि हत्यारं बनवणारी कंपनी हीच. तिच्या नावाचं वैद्यकीय संग्रहालय लीड्समध्ये आहे, गरिबांना कामाला जुंपणाऱ्या १८६१ सालच्या जुन्या वर्कहाउसच्या इमारतीत.

आणि याच लीड्सने थॅक्रे बुडवलं. गिरण्यांचं शहर वाढत गेलं, पाणी पुरेना, तेव्हा लीड्स महापालिकेने १८७० च्या दशकात वॉशबर्नच्या खोऱ्यात ओळीने धरणं बांधली: लिंडली वूड, स्विन्स्टी, फ्यूस्टन. फ्यूस्टनचा तलाव १८७९ मध्ये तयार झाला आणि थॅक्रेची जागा त्याच्या पोटात गेली. छपरं त्याआधीच गेली होती. आगीची भीती आणि जवळपासच्या खाणींतला दगड यामुळे त्या भागातली घरं हळूहळू दगडी फरशांनी शाकारली जाऊ लागली होती. लव्हाळ्याची गरज संपली, मग कोपराही संपला. लीड्समधला एखादा थॅक्रे नळ उघडतो तेव्हा आपल्या आडनावावरचं पाणी पितो.

दूर गेलेली शाखा एकच, आणि गाजली तीच. वॉशबर्नच्या शेजारच्याच खोऱ्यात हॅम्प्सथ्वेट नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी थॅकरे घराण्यातला टॉमस हा मुलगा शिकून पाद्री झाला आणि १७४६ साली हॅरोच्या शाळेचा हेडमास्तर. त्याला सोळा मुलं. सोळावा विल्यम मेकपीस. आता 'मेकपीस' हेही आडनावांच्याच जातीतलं: शेक्सपिअर म्हणजे भाला हलव, ड्रिंकवॉटर म्हणजे पाणी पी, तसं मेकपीस म्हणजे भांडण मिटव. सोळा भावंडांत शेवटच्याला हे नाव देणाऱ्या आईबापांच्या व्यवहारज्ञानाला दाद द्यावी लागेल.

हा विल्यम ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला, सिल्हेटचा कलेक्टर झाला, आणि तिथल्या जंगलातले हत्ती पकडून कंपनीला विकून त्याने गाठीला चांगला पैसा बांधला. विलायतेला परत जाऊन तो सुखाने म्हातारा झाला. मुलं मात्र त्याने एकामागून एक हिंदुस्थानात धाडली आणि इथली हवा त्यांना बापासारखी मानवली नाही. एक १८१४ साली नेपाळच्या युद्धात पडला. रिचमंड कलकत्त्याला महसूल खात्यात चढला आणि १८१५ साली तापाने गेला. सेंट जॉन थॅकरे धारवाडचा कलेक्टर झाला.

त्याची गोष्ट आपल्या जवळची आहे. पेशवाई बुडाल्यानंतर कित्तूरचं संस्थान कंपनीच्या अखत्यारीत आलं होतं. १८२४ च्या सप्टेंबरात तिथला तरुण देसाई मूल नसताना वारला. मरण्यापूर्वी त्याने दत्तक घेतला होता, तो मान्य करायला थॅकरेने नकार दिला आणि खजिन्यावर मोहरा ठोकल्या. राणी चन्नम्मा ऐकेना. २३ ऑक्टोबरला थॅकरे तोफा घेऊन किल्ल्याच्या दारात उभा राहिला, आतल्यांना मुदत दिली; मुदत संपायच्या सुमाराला दरवाजा उघडला आणि आतली फौजच बाहेर कोसळली. थॅकरे तिथेच ठार झाला, त्याचे दोन गोरे सहकारी कैद झाले. डिसेंबरात कंपनीने मोठी फौज आणून किल्ला घेतला, चन्नम्मा बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारल्या. पण ऑक्टोबरातला तो विजय कुणी विसरलं नाही, कित्तूरला दरवर्षी त्या तारखेला मोठा उत्सव भरतो. बापाने हत्ती विकून कमावलेला रुबाब मुलाला किल्ल्याच्या दारात उपयोगी पडला नाही.

कित्तूरला हे घडलं तेव्हा कलकत्त्यात वारलेल्या रिचमंडचा एकुलता मुलगा विलायतेत शाळेत होता. जन्म १८ जुलै १८११, कलकत्ता. नाव आजोबांचंच, विल्यम मेकपीस थॅकरे. पाचव्या वर्षी त्याला बोटीत घालून आईशिवाय इंग्लंडला पाठवलं. वाटेत सेंट हेलेना बेटावर त्याच्या नोकराने त्याला बागेत फिरणारा एक माणूस दाखवला: हा बोनापार्ट, रोज तीन मेंढ्या खातो आणि सापडतील तेवढी लहान मुलं. हाच मुलगा पुढे 'व्हॅनिटी फेअर'चा कर्ता झाला. त्या कादंबरीतला जॉस सेडली हा सुटलेला, भित्रा, फुशारक्या मारणारा गृहस्थ 'बॉगली वाला' नावाच्या कपोलकल्पित जिल्ह्याचा कलेक्टर आहे. आजोबा कलेक्टर, काका कलेक्टर, बाप महसुलात. त्या खुर्चीची एवढी मनमुराद टिंगल घरचाच माणूस करू जाणे.

नावांची त्याला भारी हौस. मायकेल अँजेलो टिटमार्श, यलोप्लश, फिट्झ-बूडल अशा टोपणनावांनी तो वर्षानुवर्षं लिहीत होता, खरं नाव त्याने बरंच उशिरा पुस्तकावर घातलं. चित्रंही काढायचा. १८३६ साली डिकन्सच्या 'पिकविक'ला चित्रकार हवा होता तेव्हा हा आपली चित्रं घेऊन गेला आणि नकार घेऊन आला. पुढे 'पंच' साप्ताहिकात त्याने लेख आणि व्यंगचित्रं दोन्ही दिली, 'व्हॅनिटी फेअर'ची चित्रंही स्वतःच काढली.

आता आपली वाट. नाशिक जिल्ह्यात धोडप नावाचा किल्ला आहे, राघोबादादांना १७६८ मध्ये माधवरावांनी जिथे गाठून हरवलं तो. मराठेशाहीत या किल्ल्याची किल्लेदारी एका चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराण्यातल्या पुरुषाकडे होती, असं त्याच घराण्यातल्या केशव सीताराम यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. धोडप सुटला आणि घराणं धोडपकर झालं. यॉर्कशरच्या थॅक्रेचं झालं तेच, गाव सुटल्यावर गाव नावात आलं. पुढे आजोबा पनवेलला स्थायिक झाले आणि केशवरावांचे वडील पनवेलकर म्हणवून घेऊ लागले. इथे माझा सिद्धांत जरा लंगडतो, कारण पनवेलात राहूनच पनवेलकर. पण रीत म्हटली की सिद्धांताला कोण विचारतो. मग मुलाला शाळेत घालताना वडिलांनी दोन्ही 'कर' बाजूला ठेवले आणि घराण्याचं त्याहून जुनं आडनाव लिहिलं: ठाकरे.

केशवराव वाचणारे होते, आणि कादंबरीकार थॅकरे त्यांचा आवडता. त्यांनी इंग्रजीत आपल्या आडनावाचं स्पेलिंग त्याच्यासारखं करून टाकलं. मला यातली गंमत अशी वाटते की ज्या घरात दोन 'कर' उतरवून ठेवले होते, त्या घरात सातासमुद्रापलीकडचा तिसरा 'कर' इंग्रजी स्पेलिंगच्या वेषात येऊन बसला. आणि केशवरावांना लोकांनी चौथं नाव दिलं ते १९२१ साली त्यांनी काढलेल्या 'प्रबोधन'वरून, प्रबोधनकार. हा 'कार' वेगळा, करणाऱ्याचा. गावाचं नाव टाकून धंद्याचं घेणारी माणसं इंग्लंडात शोधली तर सापडतील, पण त्यांना ते लोकांनी इतक्या कौतुकाने दिलेलं नसेल.

देवनागरीत यातलं काही दिसत नाही. कुशाभाऊ ठाकरे, माणिकराव ठाकरे आणि प्रबोधनकार ठाकरे मराठी पेपरात सारखेच छापले जातात. पहिल्या दोघांचं इंग्रजी स्पेलिंग साधं, टी-एच-ए-के-आर-ई. तिसऱ्यांच्या स्पेलिंगमध्ये लव्हाळं आहे, कोपरा आहे. स्पेलिंग वारशाने उतरलं तसं आणखी काही उतरतं यावर माझा विश्वास नाही. तरीही प्रबोधनकारांचे चिरंजीव बाळासाहेब 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार म्हणून नाव काढून १९६० साली स्वतःचं व्यंगचित्र साप्ताहिक काढतात, तेव्हा 'पंच'मधल्या त्या जुन्या थॅकरेची आठवण होऊन हसू येतंच.

प्रबोधनकार संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पुढे होते, आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या पिढ्या सीमाप्रश्नावर बोलत आल्या. त्यामुळे बेळगाव जिल्ह्याच्या वाट्याला हे आडनाव दोनदा आलं आहे. कित्तूरच्या उत्सवात भाषण करणारा 'थॅकरे' म्हणतो तो राणीने मारलेल्या कलेक्टरला उद्देशून. तिथून पन्नासेक किलोमीटर वायव्येला, बेळगावच्या मराठी सभेत 'ठाकरे' येतं ते टाळ्यांसाठी. बातमी द्यायला आलेल्या इंग्रजी वार्ताहराला दोन्हीकडे तीच नऊ अक्षरं लिहावी लागतात.